लर्निंगचे सहा महिने

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझं पक्कं लायसन्स पोस्टाने घरी आलं. चाळिशी उलटल्यावर चारचाकी शिकायला घेतली होती. त्याआधी कधी दुचाकीही चालवली नव्हती, त्यामुळे सुरुवातीला कोणाला काय विचारावं हेच कळत नव्हतं. कागदपत्रांची माहिती एकीकडे, गाडी चालवण्याची दुसरीकडे, आणि दोन्ही अर्धवट. म्हणून जूनपासूनचं सगळं क्रमाने लिहिते आहे. जे आत्ता त्याच जागी उभे आहेत त्यांची थोडी धाकधूक कमी झाली तर बरं.

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. बहुतेक जण एकतिसाव्या दिवसाच्या मागे लागतात. मी मुद्दाम थांबले, आणि सगळ्यांनीच थांबावं असं माझं ठाम मत आहे. टेस्टमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी ताब्यात राहते का एवढंच बघतात. नवशिक्यांच्या ज्या चुका जिवावर बेततात त्या होतात वाहत्या रस्त्यावर, पावसात, रात्री. तेव्हा शेजारी जाणतं माणूस हवं, आणि लर्निंगच्या काळात ते बसवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ही सोय महिन्याभरात कशाला संपवायची?

तर जून. वय चाळीसच्या वर असल्यामुळे आधी डॉक्टरांकडे जावं लागलं. चाळिशीच्या आतल्यांना प्रकृती ठीक असल्याचं स्वतःचं घोषणापत्र, म्हणजे नमुना १, पुरतं. चाळीस ओलांडली की डॉक्टरांनी तपासून दिलेला नमुना १-अ लागतो. नजर, कान, हातापायांच्या हालचाली असं त्यात बघतात. नजर तपासताना डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय. आधी नवा चष्मा केला, मग अर्ज भरला. वय काहीही असो, गाडी शिकण्याआधी डोळे तपासून घ्याच. संध्याकाळच्या उजेडात समोरची पाटी उशिरा वाचता येते, हे घरात बसून लक्षात येत नाही.

अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर करायचा. आधारवरून ओळख पटवली तर लर्निंगची परीक्षा घरूनच देता येते. महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. माझ्या आधारला जुना नंबर होता, तो बदलून येईपर्यंत आठवडा गेला. तेव्हा अर्जाला हात लावण्याआधी हे बघून घ्या. सहीचा फोटो अगदी लहान आकाराचा मागतात, तो आधीच करून ठेवावा. फी एका वर्गाच्या वाहनाला १५० रुपये आणि परीक्षेचे ५० रुपये. अर्ज क्रमांकाचा फोटो काढून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीवर तो लागतो.

परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ बघावा लागतो. तो पुढे ढकलत न्यायचा मोह होतो, पण शांतपणे बघा. परीक्षेत साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास. अभ्यास करताना आधी आकार लक्षात ठेवले: लाल कडेचं वर्तुळ मनाई करतं, निळं वर्तुळ सक्तीची गोष्ट सांगतं, त्रिकोण सावध करतो, चौकोनी पाटी माहिती देते. मग कोणाला आधी जाऊ द्यायचं ते नियम: सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला, गोल चौकात आधीच आत असलेल्याला, घाटात चढ चढणाऱ्याला. या नियमांचा मला परीक्षेपेक्षा रस्त्यावर जास्त उपयोग झाला, म्हणून पाठांतर करून विसरून जाऊ नका. १० जूनला लर्निंग लायसन्स हातात, म्हणजे मोबाइलमध्ये, आलं.

आता एक गोष्ट, जी मला कोणीच सांगितली नव्हती. गाडीच्या विम्याच्या कागदावर 'चालक' म्हणून बारीक अक्षरात एक कलम असतं. शिकाऊ माणूस गाडी चालवू शकतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला तिसरा नियम पाळत असेल तरच. तो नियम असा: शेजारी लायसन्सवालं माणूस हवं, गरज पडली तर गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेलं, आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. 'सकाळी लवकर रस्ता मोकळा असतो, एक चक्कर एकटीच मारून येते' असं मनात आलं की हे कलम आठवावं. अपघात झाला तर दंडावर भागत नाही, विमा कंपनीही हात वर करू शकते. 'एल'ची लाजही वाटून घेऊ नये. तो बघून मागचा माणूस थोडं अंतर ठेवतो, निदान काही जण तरी.

क्लास जूनच्या मध्यात सुरू केला. फी साडेपाच हजार, रोज अर्धा तास. गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक होते. हे आधी खात्री करून घ्या. आमच्या बॅचला तिघं एकाच गाडीत असायचो. एक जण चालवायचा, बाकीचे मागे. आधी वाटलं, वेळ वाया जातोय. पण मागच्या सीटवरून बाकीच्यांचं बघून जेवढं कळलं तेवढं स्टिअरिंग धरून कळलं नसतं, कारण तेव्हा हातपाय सांभाळण्यातच सगळं लक्ष जातं.

पहिला दिवस सरांनी गाडी सुरूच करू दिली नाही. सीट पुढे-मागे करायची, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकवून हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. मग आरसे. बाजूच्या आरशात आपल्याच गाडीची फक्त बारीक कड दिसावी, बाकी सगळा रस्ता. आमच्यातल्या एका मुलाने आरसा असा लावला होता की निम्म्या आरशात स्वतःच्याच गाडीचं मागचं दार. सर म्हणाले, "दार कुठे पळून जातंय का? मागून येणारा बघायचाय." आरसे नीट लावले तरी गाडीच्या तिरप्या मागच्या बाजूला एक जागा उरते, जिथली दुचाकी कुठल्याच आरशात दिसत नाही. त्यामुळे लेन बदलायची तर आरसा, इंडिकेटर, मान वळवून एक नजर, आणि मगच स्टिअरिंग. इंडिकेटर दिला म्हणजे आपल्याला वाट मिळाली, असं समजून वळणारे नवशिके फार आहेत.

नजर कुठे असावी, हा तर माझ्या मते सगळ्या शिकवणीचा गाभा. नवा माणूस बॉनेटकडे बघतो, किंवा समोरच्या दहा फुटांत. मग गाडी डावीकडे-उजवीकडे नागमोडी जाते, आणि तो आणखी जवळ बघायला लागतो. "ताई, लांब बघा. गाडी तुमच्या नजरेमागे येते," हे सर रोज म्हणायचे. लांब बघितलं की हात आपोआप स्थिर होतात, आणि शंभर मीटरवर रिक्षा थांबलेली आहे, शाळेची मुलं रस्ता ओलांडायच्या बेतात आहेत, हेही आधीच कळतं. खड्ड्याकडे टक लावून पाहिलं तर गाडी खड्ड्यातच जाते. मोकळ्या रस्त्याकडे पाहायचं.

क्लचबद्दल थोडं सविस्तर, कारण रडू येण्याइतका त्रास सगळ्यांना तिथेच होतो. पहिला गिअर टाकून क्लच अगदी हळू सोडत गेलं की एका जागी इंजिनाचा आवाज जडावतो, गाडीचं नाक किंचित उचललं जातं आणि पायाला थरथर जाणवते, कुकरची शिट्टी होण्याआधी झाकण थरथरतं तशी. तोच हाफ क्लच. तिथे पाय थांबवायचा, अॅक्सिलरेटर थोडा द्यायचा, गाडी हलली की मग उरलेला क्लच सोडायचा. सरांनी आम्हाला मोकळ्या मैदानात अॅक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावू दिला नाही. नुसत्या क्लचवर गाडी हलवायची आणि थांबवायची, परत परत. कंटाळा येतो, पण हा सराव मागून घ्या.

चढावर थांबलेली गाडी पुढे काढताना ती मागे सरकेल ही भीती मला सगळ्यात जास्त होती. त्यावर उपाय हँडब्रेकचा. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच त्या थरथरीपर्यंत, थोडा अॅक्सिलरेटर. नाक उचललं की हँडब्रेक खाली. घाई केली की गाडी बंद पडते आणि मागचे हॉर्न वाजवायला लागतात. हॉर्न ऐकून नवशिका पुढची पायरी गाळतो, म्हणजे पुन्हा गाडी बंद. सरांचं सांगणं होतं की गाडी बंद पडली तर आधी ब्रेक, मग हँडब्रेक, न्यूट्रल, आणि सगळं पहिल्यापासून. मागच्याला दहा सेकंद थांबायला लागलं तर लागू दे. हे वाक्य मी पुढे कितीतरी वेळा मनात म्हटलं आहे.

गाडी चालू लागली की क्लचच्या आणखी दोन सवयी लागतात, त्या वेळीच मोडाव्या. एक, पाय कायम क्लचवर टेकवून ठेवणं. त्याने क्लच प्लेट झिजते. दुसरी, वेगात असताना ब्रेकच्या आधी क्लच दाबणं. क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटतं आणि इंजिनामुळे मिळणारा रोध जातो. वेगात आधी ब्रेक, गाडी अगदी हळू झाली की क्लच. आणि उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर जमिनीवर टेकलेली, तिथूनच पंजा ब्रेक आणि अॅक्सिलरेटरवर फिरवायचा. घाबरल्यावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला जातो, अशा बातम्या आपण वाचतो. ही साधी सवय ती शक्यता बरीच कमी करते.

जुलैत क्लास संपला. तीस दिवस झालेच होते, आणि बरोबरच्या दोघांनी लगेच टेस्टची तारीख घेतली. मी आमच्या गाडीवर सराव सुरू केला, शेजारी माझा मोठा भाऊ. दादा वीस वर्षं गाडी चालवतोय आणि मुख्य म्हणजे ओरडत नाही. शेजारी कोणाला बसवायचं हे विचार करून ठरवा. घरच्यांशी गाडीत भांडण होत असेल तर क्लासवाल्यांना थोडे पैसे देऊन आणखी काही तास घ्या, पण धसक्याने शिकू नका.

पावसात शिकायला मिळालं याचं आज समाधान वाटतं. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, हे ऐकलेलं असतं, पण ते पायाला कळावं लागतं. दादाने मला खांब मोजायला शिकवलं. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणायचं. त्याआधी आपण खांबापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात हे दुप्पट. यामागचं गणित सोपं आहे: ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर संपतं, गाडी त्यानंतर थांबायला लागते. वेग दुप्पट झाला की ब्रेकने थांबण्याचं अंतर चौपट होतं. फोनवर आलेला मेसेज वाचायला दोन सेकंद लागले तर ३३ मीटर आपण डोळे मिटून गेलो. माझा फोन तेव्हापासून मागच्या सीटवरच्या पर्समध्ये असतो.

मध्ये कोणी घुसतं म्हणून अंतर ठेवायचं नाही, असं अनेक जण नवशिक्यांना शिकवतात. घुसू दे. पुन्हा थोडं मागे राहायचं.

पावसात बरेच लोक चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावतात. त्याने तुम्ही वळणार की नाही हे मागच्याला कळतच नाही. ते थांबलेल्या किंवा बिघडलेल्या गाडीसाठी असतात. पावसात साधे हेडलाइट, डिपरवर म्हणजे झोत खाली ठेवून, पुरेसे. साचलेल्या पाण्यातून वेगात गेलं तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तेव्हा अॅक्सिलरेटर हळू सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही. आणि गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, असेल तर अडीअडचणीला ब्रेक पूर्ण दाबून तसाच धरायचा. पायाखाली खडखड होते, ती बिघाडाची नसते. घाबरून पाय काढू नका.

गणपतीनंतर रात्रीचा सराव. समोरच्या गाडीच्या अप्परने, म्हणजे हेडलाइटच्या वरच्या झोताने, डोळे दिपतात तेव्हा त्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघायचं आणि वेग कमी करायचा. आपणही चिडून अप्पर लावला की दोघंही आंधळे. रात्री बिनदिव्याचा ट्रॅक्टर-ट्रॉली हा आपल्याकडचा खरा धोका आहे, त्यामुळे दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने गेलो. दादा म्हणाला, टेस्टच्या आधी घाट झालाच पाहिजे. चढताना भीती वाटली, पण उतरताना जास्त शिकले. ज्या गिअरने चढ चढलो साधारण त्याच गिअरने उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. सतत ब्रेकवर राहिलं तर ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. पेट्रोल वाचेल म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं तर फारच वाईट, आणि इंजिन बंद केलं तर ब्रेक जड होतो, पॉवर स्टिअरिंगही जातं. वळणावर हॉर्न, आपली बाजू, ओव्हरटेक नाही. एका वळणावर वर चढणारी एसटी आली, मी कडेला थांबून तिला वाट दिली, आणि चालकाने हात वर केला. मला फार बरं वाटलं.

टेस्टची तारीख ऑक्टोबरमध्येच घेतली होती, ती नोव्हेंबरच्या मध्यातली मिळाली. हे नीट ध्यानात घ्या: लर्निंग संपायच्या तोंडावरही जाऊ नये. नापास झालात तर कायद्याने सात दिवसांनी पुन्हा बसता येतं, पण पुढची तारीख त्याहून लांबची मिळू शकते. तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबावं लागतं. चौथा-पाचवा महिना मला योग्य वाटतो. फी टेस्टची ३०० आणि लायसन्सची २०० रुपये, शिवाय कार्डाचा आणि पोस्टाचा खर्च.

त्या दिवशी लर्निंग लायसन्सची प्रत, अर्ज, आणि ज्या गाडीवर टेस्ट देणार तिचं आरसी, विमा, पीयूसी बरोबर असू द्या. गाडी क्लासची असली तरी हे कागद आहेत का विचारून घ्या. रांगेतल्या एकांना पीयूसीची मुदत संपल्यामुळे परत जावं लागलं. सकाळी फोटो, सही, मग बराच वेळ उन्हात थांबणं. पाणी न्या. हातपाय गार पडले होते, खरं सांगते. टेस्ट काही मिनिटांतच झाली: चढावर थांबवून पुन्हा काढणं आणि 'एस' आकाराच्या वाटेवरून रिव्हर्समध्ये गाडी नेणं. रिव्हर्सला वेग फक्त क्लचवर, मान मागे, आणि गोंधळ वाटला तर थांबायचं. थांबल्याचे मार्क जात नाहीत असं निरीक्षक साहेबांनीच आधी सांगितलं. माझ्या पुढचा मुलगा गाडी छान चालवत होता, पण बेल्ट न लावताच निघाला, त्याला तिथेच उतरवलं.

कार्ड यायला दोन-तीन आठवडे लागले. तोवर डिजिलॉकरमध्ये लायसन्स दिसायला लागलं होतं, आणि ते कायद्याने मूळ लायसन्ससारखंच चालतं. अर्जातला पत्ता पिनकोडसकट तपासा, कार्ड स्पीड पोस्टने येतं आणि पत्ता चुकला की परत जातं.

'एल' काढला असला तरी काही गोष्टी मी ठरवून पाळते आहे. पावसाळी रात्री एकटीने हायवेला जात नाही. गाडी थांबवल्यावर दार डाव्या हाताने उघडते. त्याने अंग आपोआप मागे वळतं आणि येणारा सायकलवाला दिसतो. आईला दर पंधरवड्याला दवाखान्यात न्यायचं काम आता माझ्याकडे आहे, तेव्हा दहा मिनिटं आधी निघते.

तीस ते पन्नास वयात काढलेलं लायसन्स दहा वर्षं चालतं. मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत नूतनीकरण केलं नाही तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते, म्हणून कार्डावरची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच टाकून ठेवा.